घरातला आवाज का चढतो?

संध्याकाळचे साडेसात. आई पोळ्या लाटतेय, आठ वर्षांचा मुलगा दिवाणावर पडून मोबाईलवर गेम खेळतोय. "मोबाईल ठेव आता, गृहपाठ काढ," आई स्वयंपाकघरातूनच म्हणते. "हो, एक मिनिट." पाच मिनिटांनी पुन्हा तेच, जरा वरच्या पट्टीत. "अगं थांब ना, लेव्हल संपू दे!" तिसऱ्यांदा आई बाहेर येऊन मोबाईलला हात घालते, तसा तो किंचाळतो, उशी फेकतो, पाय आपटतो. तव्यावरची पोळी करपायला लागलेली असते, भिंतीपलीकडे शेजारी असतात. "खेळ काय खेळायचंय ते! परीक्षेत समजेल," असं म्हणून आई ओट्याकडे वळते. घर शांत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रसंग तोच, शेवट वेगळा. आई दिवसभराची दमलेली असते. तिसऱ्या हाकेला ती लाटणं आपटते, मोबाईल हिसकावते आणि पाठीत दोन धपाटे घालते. मुलगा रडत रडत वही उघडतो. घर पुन्हा शांत.

अशा घराबद्दल बोलताना आपण दोनच निकाल देतो. एक तर पोरगं हट्टी आहे, नाहीतर आईला धाक ठेवता येत नाही. दोन्ही निकालांत दोष कुणाच्या तरी स्वभावात धरलेला असतो, आणि स्वभावाला औषध नाही म्हणून विषय तिथेच मिटतो. पाहायला हवी ती त्या दोन मिनिटांतली देवाणघेवाण: कोण काय म्हणालं, त्यावर समोरच्याने काय केलं, आणि त्यातून कुणाच्या पदरात काय पडलं. शिस्त लागते किंवा बिघडते ती तिथे, असं माझं ठाम मत आहे आणि त्याला भक्कम अभ्यासाचा आधार आहे.

हा अभ्यास अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने केला. मारकुट्या, सतत भांडणाऱ्या मुलांच्या पालकांकडून नुसत्या प्रश्नावल्या भरून घेण्याऐवजी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरीक्षकांना थेट त्यांच्या घरी पाठवलं. नियम ठरलेले असत. निरीक्षण चालू असताना घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचं, दोनच खोल्यांत वावरायचं, टीव्ही बंद ठेवायचा, निरीक्षकाशी बोलायचं नाही. निरीक्षक दर ६ सेकंदांना नोंद करायचा: कुणी हुकूम सोडला, कुणी कुरकुर केली, कुणी चिडवलं, कुणी दुर्लक्ष केलं, कुणी हसलं. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींतून त्यांनी घरातल्या जबरदस्तीचं चक्र उलगडून दाखवलं. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९८२ मध्ये आलं.

ते चक्र आपल्या दोन संध्याकाळींना लावून पाहू. पहिल्या दिवशी मुलाच्या किंचाळण्याने काय झालं? नकोसा हुकूम थांबला. आईच्या माघारीने काय झालं? नकोसा आरडाओरडा थांबला. दोघांनाही ताबडतोब सुटका मिळाली, आणि ज्या कृतीने सुटका मिळते ती कृती माणूस पुन्हा करतो, वय आठ असो की अडतीस. मुलगा शिकला की साध्या नकाराने भागत नाही, पण किंचाळल्याने भागतं. आई शिकली की सोडून दिलं की डोकं शांत होतं. दुसऱ्या दिवशी आईचा धपाटा कामी आला. त्यातून आई शिकली की एवढ्या थराला गेल्याशिवाय हा ऐकत नाही. मुलगा शिकला तो धडा याहून घातक आहे: पहिल्या दोन हाका या खऱ्या हाका नसतातच, लाटणं आपटलं की मगच उठायचं. म्हणजे पुढच्या खेपेला आई जिथून सुरुवात करील ती पट्टी वरची असणार, आणि मुलाचा प्रतिकारही तिथूनच सुरू होणार. घरातला आवाज महिन्यामहिन्याने चढत जातो तो असा. यात वाईट कुणीच नाही. दोघंही एकमेकांना नकळत शिकवत असतात, आणि पालकांना हीच गोष्ट मान्य करायला जड जाते की मूलही आपल्याला घडवत असतं.

यात भर पडते ती कधी हो, कधी नाही या धरसोडीची. आई नाही म्हणते, बाबा ऑफिसातून आल्यावर अपराधी वाटून मोबाईल हातात देतात. आजी म्हणते, "एवढासा जीव, रडवता कशाला?" सोमवारी बंदी, मंगळवारी पाहुणे आले म्हणून सूट. एक ना एक दिवस रडणं फळणार हे मुलाला कळलेलं असतं, आणि लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस जसा दर वेळी न लागूनही घेत राहतो तसं ते रडत राहतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कबुतरांवरच्या प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसलं होतं. ज्या कृतीला अधूनमधून फळ मिळतं ती कृती, दर वेळी फळ मिळणाऱ्या कृतीपेक्षा, फळ बंद झाल्यावर कितीतरी जास्त काळ टिकून राहते.

त्याच प्रकारच्या संशोधनातून आलेली आणखी एक बाब प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. आजवर चाललेला हट्ट अचानक फळेनासा झाला की सुरुवातीला तो कमी होण्याऐवजी वाढू शकतो. आईबाबांनी मिळून ठरवलं की आता जेवताना मोबाईल नाही, तर पहिले काही दिवस रडणं दुपटीने येऊ शकतं, ताट ढकललं जाईल, कदाचित उपासही घडेल. बहुतेक घरं नेमकी याच टप्प्यावर हार मानतात. "आमच्याकडे काही उपयोग होत नाही, आम्ही करून पाहिलं," असं सांगणाऱ्या पालकांनी बऱ्याचदा उपाय योग्य निवडलेला असतो आणि तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडलेला असतो. त्यातून मुलाला मात्र कळतं की आता एवढ्या मोठ्याने रडलं की जमतं.

मग मार? "आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं?" हा प्रश्न आपल्याकडे प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत मिळून सुमारे १ लाख ६१ हजार मुलं होती. छळ किंवा जबर मारहाण वगळून त्यांनी फक्त उघड्या हाताने दिलेल्या फटक्यांचा विचार केला. ज्या मुलांना असे फटके अधिक बसत होते त्यांच्यात आक्रमकपणा, नियम मोडणं आणि मानसिक त्रास अधिक आढळला. फटक्यांमुळे पुढे वागणं सुधारतं याला आधार मिळाला नाही. यावर कुणी म्हणेल की मूळचीच दांडगी मुलं जास्त मार खाणार. आक्षेप रास्त आहे. बाण दोन्ही दिशांनी जातो, आणि चक्र म्हणतात ते यालाच. दांडगाईमुळे मार पडतो, मारामुळे त्या क्षणी शांतता मिळते, त्या शांततेमुळे मारणं पक्कं होतं, आणि मूल दांडगंच राहतं. मार खाऊन चांगले निघालेले लाखो लोक आहेत, कारण त्यांच्या घरात मारासोबत माया, वेळ आणि लक्षही होतं. त्यांना घडवलं ते त्या मायेने, असं माझं मत आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारण्यावर बंदी घातली, तसं करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. घरातल्या फटक्यावर तशी थेट बंदी नाही, पण मुलाला क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली पालकावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. पालकाने शांत राहावं हे सांगणं सोपं आहे, पण शांत राहायला काही तरी शिल्लक असावं लागतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतीवर मोठं संकट आलं. जमिनीच्या किमती निम्म्याहून खाली कोसळल्या, कर्जं डोईजड झाली. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी १९८९ पासून तिथल्या ग्रामीण भागातल्या ४५१ कुटुंबांचा अभ्यास केला. प्रत्येक घरात सातवीत शिकणारं एक मूल होतं. पैशाची ओढाताण मुलापर्यंत पोहोचत होती ती पायरीपायरीने. आधी आईवडील खचत, मग नवराबायकोत खटके उडत, मग मुलांशी बोलताना चिडचिड आणि कठोरपणा येई, आणि त्यातून मुलं बिघडत किंवा कोमेजत. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी मराठवाड्यातल्या किंवा कापसाने दगा दिलेल्या वर्षी विदर्भातल्या घरात काय घडतं, हे तिथल्या वाचकाला यावरून वेगळं सांगायला नको. विरार-कर्जतहून रोज लोकलला लटकून रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या आईबापाचंही तेच. म्हणून एखाद्या घरात मुलांवर हात उठतो असं दिसलं की उपदेशाआधी त्या माणसाच्या डोक्यावर काय ओझं आहे ते विचारावं. अनेकदा त्याचं ओझं थोडं हलकं करणं हाच मुलासाठीचा सर्वांत जवळचा उपाय असतो.

आता हेच मूल मोठं होताना पाहू. किंचाळून, ढकलून काम होतं हे घरात शिकलेलं मूल तीच रीत शाळेत वापरतं. शांत मुलं त्याच्यापासून दूर राहतात, शिक्षक वैतागतात, अभ्यास मागे पडतो. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याला मित्र म्हणून कोण उरतं? त्याच्यासारखीच बाजूला पडलेली मुलं. "संगतीने बिघडला" असं आपण म्हणतो, पण बहुधा ती संगत मिळण्याआधीच त्याच्यासाठी बाकीची दारं बंद झालेली असतात. पॅटरसन यांचे सहकारी टॉम डिशियन यांनी १३-१४ वर्षांच्या मुलांना एकेका मित्रासोबत बसवून त्यांच्या गप्पांचं चित्रीकरण केलं. काही जोड्यांत चोरी, मारामारी, नशा यांचा विषय निघाला की समोरचा खदखदून हसत होता, आणि अभ्यासाचा किंवा साधा विषय निघाला की हसू नव्हतं. ज्या जोड्यांत असं हसू जास्त होतं त्या मुलांचं वागणं पुढच्या काळात जास्त बिघडलं. घरात जे काम सुटका करत होती ते आता मित्राचं हसू करतं.

बिघडलेल्या मुलांना एकत्र ठेवून सुधारू पाहणाऱ्यांनी म्हणूनच सावध राहावं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ मध्ये अत्यंत सद्हेतूने एक प्रकल्प सुरू झाला. ५०६ मुलांपैकी निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं, निम्म्यांना काहीच नाही. तीसेक वर्षांनी जोन मकॉर्ड यांनी त्या सगळ्यांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांना आपला फायदाच झाला असं वाटत होतं. प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा गुन्हे करणं, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा अनेक बाबतींत त्यांचीच स्थिती अधिक वाईट होती. पुढच्या विश्लेषणात हे नुकसान मुख्यतः एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांत दिसलं. आपल्याकडे "हाताबाहेर चाललाय, हॉस्टेलला टाका म्हणजे सरळ होईल" असा सल्ला नातेवाईक सहज देतात. ज्या ठिकाणी अशीच घरून काढून टाकलेली मुलं गोळा झालेली असतात तिथे मुलाला पाठवू नका, हे मी निःशंकपणे सांगेन.

घाबरून जाण्याचंही कारण नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा माग आजही घेतला जातो आहे. त्या माहितीच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवलं की वयात येताना नियम मोडणाऱ्या मुलांचे दोन गट असतात. अगदी लहानपणापासून दांडगाई करणारी मुलं थोडी, आणि चौदा-पंधराव्या वर्षी बंड करून पुढे निवळणारी पुष्कळ. तुमची एरवी समंजस मुलगी पंधराव्या वर्षी उलट उत्तरं देऊ लागली, तर ती बहुधा या दुसऱ्या गटातली आहे. त्या काळात एकच जपायचं: व्यसन, पोलीस केस, सुटलेलं शिक्षण असं काही घडू नये, ज्यातून निवळल्यावरही मागे फिरता येत नाही.

ते जपायचं कसं? बहुतेक पालकांचं उत्तर असतं, पाळत ठेवून. मोबाईल तपासायचा, व्हॉट्सॲप वाचायचं, लोकेशन पाहायचं, क्लासला फोन लावायचा. स्वीडनमध्ये हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. आपलं मूल कुठे आहे, काय करतं हे ज्या पालकांना नीट माहीत असतं त्यांची मुलं कमी बिघडतात, हे आधीपासून ठाऊक होतं. पण ही माहिती येते कुठून, हे या दोघांनी तपासलं. ती मुख्यतः मुलाने आपणहून सांगितलेली असते. पाळत आणि चौकश्यांचा वाटा फार कमी.

मूल आपणहून कुठे सांगतं? जिथे सांगितल्यावर त्याचं भलं होतं तिथे. "आज लेक्चर बुडवून टपरीवर बसलो होतो," असं मुलाने खरं सांगितलं आणि त्यावर दोन तासांचं भाषण, बाबांच्या कष्टांची उजळणी आणि मावसभावाच्या पर्सेंटेजचा दाखला मिळाला, तर शिक्षा कशाला झाली? लेक्चर तर आधीच बुडालं होतं. शिक्षा झाली ती खरं बोलण्याला. पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि मग मोबाईल तपासण्याखेरीज तुमच्या हाती काही राहणार नाही. असं काही कानावर आलं तर आधी एवढंच म्हणावं, "सांगितलंस ते बरं केलंस." बुडवलेल्या लेक्चरचं काय करायचं ते जेवणानंतर बोलता येतं.

पुन्हा साडेसातच्या त्या हुकमाकडे येऊ. पॅटरसन आणि त्यांच्या सहकारी मॅरियन फोरगॅच यांनी पालकांना जे शिकवलं ते ऐकायला अगदी साधं आहे. स्वयंपाकघरातून ओरडू नका, गॅस बारीक करून मुलाजवळ जा. पाच मिनिटं आधी कल्पना द्या. मग एकदाच, लहान वाक्यात, नेमकं काय करायचं ते सांगा: "मोबाईल टेबलावर ठेव." प्रश्नार्थी नको, टोमणा नको, "किती वेळा सांगायचं" नको. सांगून झालं की गप्प राहून थोडं थांबा. ठेवला तर लगेच, त्याच क्षणी, ते तुम्ही पाहिलंय हे त्याला कळू द्या. कौतुक केलं तर पोरं डोक्यावर बसतात ही आपल्याकडची जुनी धास्ती आहे, पण डोक्यावर बसतं ते किंचाळल्यावर लक्ष मिळालेलं मूल. नाही ठेवला, तर आधीच ठरलेली लहानशी किंमत: उद्याच्या मोबाईलमधली पंधरा मिनिटं गेली. ती सांगताना आवाज चढवायचा नाही आणि वादही घालायचा नाही. किंमत लहानच हवी. "महिनाभर मोबाईल बंद" ही शिक्षा कुठलंच घर निभावू शकत नाही, चौथ्या दिवशी कुणीतरी विरघळतं आणि धरसोड पुन्हा सुरू. जी गोष्ट शेवटपर्यंत नेणं आज शक्य नाही, तिचा हुकूम आज देऊच नका. आणि आजी-आजोबांना या ठरावात आधीच सामील करून घ्या, मुलासमोर त्यांना गप्प करू नका. सोळा वर्षांच्या मुलाबाबत हेच नियम त्याच्यासोबत बसून ठरवावे लागतात, आणि ते भांडणाच्या वेळी न ठरवता रविवारी दुपारी ठरवावेत.

एवढ्याने काय होणार, असं वाटेल. फोरगॅच आणि पॅटरसन यांनी नवऱ्यापासून नुकत्याच वेगळ्या झालेल्या, मुलगा सांभाळणाऱ्या २३८ आया निवडल्या. त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून १४ बैठकांत हे शिकवलं, बाकीच्यांना शिकवलं नाही. नऊ वर्षं माग घेतल्यावर शिकलेल्या आयांच्या मुलांत शिक्षकांना कमी बेशिस्त दिसली, त्यांना अटक होण्याचं प्रमाणही कमी होतं, आणि त्या आयांची स्वतःची परिस्थितीही सुधारलेली होती. नॉर्वेने १९९९ पासून ही पद्धत देशभर राबवायला घेतली. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आणि आशाताई घरोघरी पोहोचलेल्या आहेत. त्यांच्यामार्फत पालकांना हे शिकवता येईल, फक्त त्यांच्या मानधनात आणि वेळेत त्याची तरतूद हवी.

शेवटी एक इशारा. प्रत्येक नकार हा शिस्तीचा प्रश्न नसतो. अक्षरं ओळखताना अडखळणारं, अध्ययन अक्षमता असलेलं मूल गृहपाठ टाळतं ते हट्टाने नव्हे. कालपर्यंत हसतखेळत असलेला मुलगा महिनाभर खोलीबाहेर येत नाही, झोप उडाली आहे, मित्र तुटले आहेत, मनगटावर ओरखडे आहेत, तर वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा. टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलाला मारहाण होत असेल किंवा त्याला तातडीचा धोका असेल तर १०९८ लावा. आणि "जगून काय उपयोग" असं मुलाच्या तोंडून ऐकू आलं, तर ते नाटक आहे की खरं याचा निवाडा करत बसू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी फोन लावा.